मुखपृष्ठाची पाठ

'मुखपृष्ठ' हा शब्द ज्याने कोणी बनवला त्याने वाचकांची शुद्ध फसवणूक केली आहे, असं माझं मत आहे; आणि मी मराठीचा शिक्षक असल्यामुळे त्या मताला थोडंफार वजन आहे. शब्दात मुखही आहे आणि पृष्ठही आहे. पृष्ठ म्हणजे पान, हे मला ठाऊक आहे, पण पृष्ठ म्हणजे पाठसुद्धा. तेव्हा ज्या चित्राला मुखपृष्ठ म्हणायचं त्यात बाईचं तोंड दिसावं आणि पाठही दिसावी. प्रत्यक्षात तोंड तेवढं दाखवतात आणि बाकीचं आपल्या नशिबावर सोडतात. या फसवणुकीपायी चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात नागपुरात माझी जी शोभा झाली ती का झाली, हे एकदा नीट सांगून टाकतो, कारण लोक अजून ते चुकीचं सांगतात.

आमच्या वॉर्डातल्या वाचनालयात 'रूपरंजिनी' नावाचं मासिक येत असे. बायकांच्या फॅशनचं मासिक. मी स्वतः ते कधी उघडलं नव्हतं, नुसतं चाळत असे. दुपारी बायकांची वेळ असायची तेव्हा माझी पत्नी प्रेमिला तिथे जाऊन बसायची. त्या दिवशी ती परत आली ती चहा टाकायचं सोडून खाटेच्या काठावर बसली.

"नवा अंक आला," ती म्हणाली. "त्याच्यावरच्या बाईनं जो ब्लाउज घातला आहे न, तसा मले शिवाचा आहे."

आता प्रेमिला सहसा काही मागत नाही. पण या मागणीच्या मागे एक जुनी जखम होती. वर्षभरापूर्वी तिचा भाऊ चंद्रभान याने नरखेडजवळच्या गावी नवं घर बांधलं, त्या वास्तुशांतीला आम्ही गेलो होतो. तिथे पंगतीत वाढता वाढता तिची वहिनी शोभाताई सगळ्या बायकांसमोर हसून म्हणाली होती, "ननंदबाई, तुमी नागपूरच्या, पण ब्लाउज त आमच्या सासूबाईच्या जमान्यातला घालून राहिल्या." बायका हसल्या. प्रेमिलाही हसली. पण त्या रात्री घरी आल्यावर तिने तो ब्लाउज ट्रंकेत तळाशी टाकला तो पुन्हा काढला नाही. आता त्याच शोभाताईची मुलगी गोपिका हिचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं होतं. व्याह्यांकडची माणसं येणार, सारं गाव जमणार. चंद्रभानने संत्र्याचा बगीचा उतरल्यावर बहिणीला पोपटी रंगाची, जांभळ्या काठाची साडी घेतली होती. त्या साडीला जोडून आलेलं ब्लाउजपीस एकच होतं. म्हणजे शहराची अब्रू राखायला हातात तेवढंच कापड.

"त्यात काय," मी म्हणालो. "मी आहो न तुझ्या पाठीशी."

हे वाक्य मी लग्नापासून अनेकदा बोललो आहे आणि त्याचा आजवर कधी त्रास झाला नव्हता.

पहिली अडचण वाचनालयाची निघाली. नवा अंक महिनाभर बाहेर न्यायचा नाही असा नियम होता, आणि नियम सांभाळणारे मानद चिटणीस म्हणजे आमचे शेजारी गोपाळराव. हे पाटबंधारे खात्यातून ओव्हरसीअर म्हणून निवृत्त झाले होते आणि खात्यात न पाळलेले सगळे नियम आता वाचनालयात पाळत होते. अंक शिंप्याकडे नेता येत नाही म्हटल्यावर मी शिंप्यालाच अंकाकडे आणायचं ठरवलं. जरीपटक्याच्या बाजारात दादाजींचं दुकान होतं. पाटीवर 'लेडीज स्पेशालिस्ट' असं लिहिलेलं होतं, पण माझे शर्टही तेच शिवत. माझा निळ्या चौकटींचा शर्ट त्या वेळी त्यांच्याकडेच पडलेला होता. त्याची कॉलर घासली होती, ती उलटून लावायची होती. शर्ट अजून दहा वर्षं चालला असता. फक्त त्याचं वरून दुसरं बटण मी स्वतः लावलेलं, तपकिरी, आणि ते काजातून सारखं निसटायचं.

दादाजी गळ्यात टेप टाकून वाचनालयात आले. त्यांनी अंक टेबलावर ठेवला, चष्मा पुसला आणि चित्रातल्या बाईवर टेप धरला. वर्तमानपत्र वाचणाऱ्या चार माणसांनी वर्तमानपत्रं खाली केली.

चित्र मीही तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. बाई समोर तोंड करून उभी होती. ब्लाउजचा गळा पुढून पार गळ्याच्या हाडापर्यंत बंद, बाह्या कोपरापर्यंत, त्यांना चुण्या. इतका सोज्वळ ब्लाउज मी आमच्या शाळेतल्या शिक्षिकांच्या अंगावरही पाहिला नव्हता. फक्त डाव्या खांद्यावरून एक बारीकसा गोंडा पुढे डोकावत होता. मागे कुठेतरी गाठ असणार आणि तिचं शेपूट पुढे आलेलं.

"होऊन जाईल," दादाजी म्हणाले. "माह्या हातचं काम आहे हे."

आणि चार दिवसांनी मी दुकानात गेलो तेव्हा पुढचा भाग आणि बाह्या तयार होत्या. मागच्या भागाची जागा रिकामी होती.

"सर," दादाजी म्हणाले, "पुढचं मी पाहिलं, पुढचं मी शिवलं. मांगचं मी पाहिलंच नाही त शिवू कसं? मी अंदाजावर कात्री लावत नाही. मांगचं दाखवा."

"आणि माझा शर्ट?"

"त्याचं का आहे सर, पहिले मांगचं होऊन जाऊ द्या."

मला त्यांचं हे म्हणणं पटलं. तत्त्वाचा माणूस आहे, असं वाटलं. घरी येऊन मी प्रेमिलाला तसं सांगितलं, तेव्हा ती म्हणाली की तिनेही अंक हातात आल्या आल्या आधी पान उलटून पाहिलं होतं. मागे पाठ होती. पण ती एका पैलवानाची होती आणि तिला पाठदुखीचं मलम चोळत होते.

संध्याकाळपर्यंत हा प्रश्न आमच्या घरचा राहिला नाही. गोपाळरावांच्या पत्नी कुसुमताई साखर मागायला आल्या आणि साखर न घेता तासभर बसल्या. त्यांच्या मते पाठीवर वरपासून खालपर्यंत चेन असणार, कारण त्यांच्या अमरावतीच्या मावसबहिणीकडे चेनचा ब्लाउज होता आणि चेन अडकल्यामुळे ती एका लग्नात जेवायला बसू शकली नव्हती. त्यावर गोपाळराव स्वतः कागद-पेन्सिल घेऊन आले. "कोहळे, तुमचं फ्रंट एलेवेशन सँक्शन झालं, रिअरचा पत्ता नाही," ते म्हणाले. "आमच्या खात्यात अशा कामावर मी सही केली नसती." मग त्यांनी गोंड्याच्या लांबीवरून गाठीची जागा काढली, आणि त्यांच्या हिशेबाने ती गाठ बाईच्या गुडघ्याशी आली.

गोपाळरावांच्या आई प्रयागबाई दाराशी बसून ऐकत होत्या. "पाठ का पाहाची चीज आहे वं?" त्या म्हणाल्या. "पाठ मार खायले असते."

मतं पुष्कळ झाली. पाठ अर्धी उघडी आहे, पूर्ण उघडी आहे, मागे पानाच्या आकाराचं मोठं भोक कापलं आहे, मागे काहीच नाही आणि मासिकवाल्यांनी नुसता गोंडा चिकटवला आहे. कुसुमताईंनी मुलाखत घेतल्यासारखं मलाच विचारलं, "सर, तुमाले का वाटते?" एका सद्गृहस्थाला शेजारणीने परस्त्रीच्या पाठीबद्दल मत विचारावं आणि त्याच्यापाशी खरोखरच मत असावं, हा प्रसंग वाटतो तितका सोपा नसतो. मी म्हणालो, गाठ आहे. साक्षगंधाला आठवडा राहिला होता. प्रेमिला रोज स्वयंपाक झाल्यावर ती पोपटी साडी काढून घडी मोडायची आणि पुन्हा घालायची. ते पाहून मला वाईट वाटत होतं, हे सरळ सांगतो. बायको रागावली तर माणूस बाहेर जाऊ शकतो, ती गप्प राहून घड्या घालायला लागली की कुठे जाणार?

तेव्हा मी ठरवलं की मुंबईलाच विचारायचं. मासिकात पत्ता होता, फोन नंबर होता. मी पोस्ट-तार ऑफिसात गेलो आणि ट्रंककॉल लावला.

तिथे बाकावर बसून मी मनात वाक्यं तयार केली. मुंबईच्या संपादकाशी बोलायचं तर शुद्ध मराठीत बोलावं. नागपूरचे लोक कसे बोलतात, यावर त्यांनी हसायला नको. बऱ्याच वेळाने माझं नाव पुकारलं गेलं. पलीकडे कोणी पुरुष होता आणि मध्ये सारखी खरखर होती.

"नमस्कार," मी म्हणालो. "आपल्या ताज्या मुखपृष्ठासंबंधी एक शंका आहे. मला पाठ हवी आहे."

"पाठ हवाय? कुठला पाठ?"

"बाईची."

"बाईंचा पाठ? विणकामाचे पाठ चालू आहेत आमचे. तिसरा पाठ पुढल्या अंकात येईल."

"विणकाम नको. तो पाठ नव्हे, ती पाठ. स्त्रीलिंगी."

"काय लिंगी?"

"स्त्रीलिंगी," मी जोरात म्हणालो. तार ऑफिसातले पंखे फिरत होते म्हणून ऐकू जात नसेल असं मला वाटलं, पण तसं नव्हतं. खिडकीवरची रांग गप्प झाली होती.

"साहेब, ऐकू येत नाही. पाककृती हवी आहे का?"

इथे माझं शुद्ध मराठी संपलं. "अगा, पाककृती नाही न गा बापा! मांगची बाजू! त्या बाईची पाठ उघडी आहे का झाकली, येवढंच मले सांग न!"

फोन कटला. मी रिसीव्हर ठेवला. मागे वळून पाहिलं तर रांगेत आमच्या शाळेचे मुख्याध्यापक रुपराव मनीऑर्डर हातात घेऊन उभे होते. त्यांच्या मागे नववी 'ब'मधले दोन विद्यार्थी होते. रुपरावांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि आम्ही दोघांनी भिंतीवरच्या पोस्टाच्या वेळापत्रकाकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी नववी 'ब'च्या वर्गात शिरताना फळ्यावर 'पाठक सर' असं लिहिलेलं होतं. माझं आडनाव कोहळे आहे. मी ते पुसलं आणि त्या तासाला मुद्दाम लिंगविचार घेतला नाही. मधल्या सुट्टीत रुपरावांनी मला खोलीत बोलावून दार लोटून घेतलं. नोकरीत इतकी वर्षं मी अशा खोलीत ताठ मानेने गेलो होतो. आताही ताठच गेलो, कारण माझी बाजू स्वच्छ होती, फक्त सांगायला अवघड होती. मी सगळं सांगितलं, मासिक, गोंडा, शिंपी, साक्षगंध. रुपरावांनी ते डोळे मिटून ऐकलं.

"कोहळे," ते शेवटी हळू आवाजात म्हणाले, "मंग कळलं का, कशी आहे ते? नाही म्हणजे, आमच्या घरी तो अंक आला आहे. विचारून राहिले घरी."

संध्याकाळी कुसुमताईंनी प्रेमिलाला वेगळ्याच तऱ्हेने बातमी दिली. सर मुंबईच्या एका बाईच्या मागे आहेत, असं त्यांनी ऐकलं होतं. प्रेमिला शांतपणे म्हणाली, "मागे नाही वं, मागचं विचारून राहिले ते." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतः जरीपटक्याला दादाजींच्या दुकानात गेली. परत आली तेव्हा हातात कागदाची पुडी होती.

"झाला?" मी विचारलं.

"झाला."

"मागून कसा केला?"

"केला न त्यानं कसातरी." तिने पुडी ट्रंकेत ठेवली आणि कुलूप लावलं. मी शर्टाबद्दल विचारलं. ती म्हणाली, "दादाजी म्हणते, अजून वेळ आहे." मग मी जुना पांढरा शर्ट इस्त्री केला.

साक्षगंधाला आम्ही एसटीने गेलो. प्रेमिलाने पहाटेच तयार होऊन पदर दोन्ही खांद्यांवरून असा घट्ट लपेटला की पोपटी गाठोडंच वाटावं. मी म्हटलं, गरम होईल. ती म्हणाली, होऊ द्या. गावी पोचल्यावर मला उलगडा झाला. व्याह्यांकडचे वडीलधारे ओसरीत बसलेले. त्यांच्यासमोर आमच्याकडच्या बायका खांद्यावरून पदर घेतात, तो समारंभ संपेपर्यंत सोडत नाहीत. म्हणजे ज्या पाठीसाठी मी मुंबईपर्यंत आरडाओरडा केला ती पाठ त्या दिवशी दिसणारच नव्हती. हे मला आधी सुचलं नाही. गोपाळरावांनाही सुचलं नव्हतं, एवढंच समाधान.

मी मांडवात पुरुषांमध्ये बसलो. चंद्रभानने व्याह्यांना माझी ओळख करून दिली, "हे आमचे जवाईबापू, नागपुरात मोठ्या शाळेत मास्तर आहेत." मी मान हलवत होतो, पण लक्ष बायकांकडे होतं. गोपिकेला पाटावर बसवलं, कुंकू लागलं, साडी-नारळ झालं. आणि मग मला दिसलं की बायका एकेक करून मधल्या खोलीत जाऊ लागल्या आहेत. आधी शोभाताई प्रेमिलाचा हात धरून गेली. मग दोघी-तिघी. मग आणखी काही. दार लागलं. थोड्या वेळाने आतून हसण्याचा आवाज आला.

माझ्या हातातला लाडू तसाच राहिला. गेल्या साली पंगतीत हसल्या तेच हे हसणं, असं मला वाटलं. माझ्या बायकोला त्यांनी खोलीत कोंडून तिच्या अंगावरचा कसातरी शिवलेला ब्लाउज पाहिला असणार. तिची पोपटी साडी, तिच्या घड्या, सगळं माझ्या डोळ्यांसमोर आलं. दादाजीच्या तत्त्वाला मी मनातल्या मनात शिव्या दिल्या. व्याही मला विचारत होते की नागपुरात संत्र्याचा भाव काय आहे. मी त्यांना म्हणालो, "गाठ आहे."

परतीच्या बसमध्ये प्रेमिला खिडकीशी बसली होती. गाव मागे पडलं तरी मला विचारायचं धाडस होईना.

"हसल्या का गं त्या तुला?" मी शेवटी म्हणालो.

"मले? काहून हसतील?" तिने माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा उजळलेला होता. "अवो, तिथं पाच जणींच्या खांद्यावर गोंडे होते. पाच. तो अंक नरखेडच्या एसटी स्टँडवरही येते. साऱ्या जणींनी पुढून तसाच शिवला, आणि मांगून कसा आहे ते एकीलेही माहीत नाही. सकाळपासून पदर धरून धरून बसल्या होत्या. शोभावहिनी मले आत घेऊन गेली अन् म्हणे, ननंदबाई, तुमी नागपूरच्या, तुमाले माहीत असन. खरं सांगा वं, मांगून कसा राहते हा?"

"मग?"

"मंग मी पदर खाली घेतला. म्हटलं, पाहून घ्या, नागपुरात असाच चालू आहे." ती खिडकीबाहेर पाहून हसली. "साऱ्या जणींनी हात लावून लावून पाहिलं. हसल्या त त्या आपल्या आपल्यावर हसल्या. वहिनीनं स्वतःचा तसाच करासाठी आत्ताच भाऊचा शर्ट काढून ठेवला आहे."

"चंद्रभानचा शर्ट कशाला?"

प्रेमिला जरा पुढे झुकली आणि खांद्यावरचा पदर सैल सोडला. मागच्या सीटवरच्या म्हातारबाबांना झोप लागली होती, तेव्हा त्या बसमध्ये ती पाठ पाहणारा मी एकटाच होतो.

निळ्या चौकटी होत्या. मधोमध वरपासून खाली बटणपट्टी, तिला काजं, काजांत बटणं. आणि वरून दुसरं बटण तपकिरी.

"हा माझा शर्ट आहे," मी म्हणालो.

"होय न," ती म्हणाली. "त्या दादाजीनं पुढचा भाग दोनदा कापला. पहिले बिघडवला, मंग दुसऱ्यांदा कापला, त कापडच उरलं नाही. तुमाले मांगचं दाखवा, मांगचं दाखवा म्हणून फिरवून राहिला होता तो. मी गेली न त्या दिवशी, तवा सरळ विचारलं. रडाले लागला. समोर तुमचा शर्ट टांगला होता. म्हटलं, हा लाव."

"मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं त देला असता?"

मी खरं उत्तर देणार होतो, पण ती पुढे बोलली.

"अन् तुमीच म्हणता न रोज, मी आहो तुझ्या पाठीशी. म्हटलं, राहू द्या मंग."

काटोल आलं, माणसं चढली, बस पुन्हा हलली. दिवसभराच्या पदराच्या ओढाताणीत तपकिरी बटण काजातून निसटलं होतं. त्याची खोड मला माहीत होती. मी ते थोडं तिरपं धरलं आणि लावून दिलं.